स्कॅनच्या कागदात ‘काहीतरी निघाले’ म्हणजे काय?

डोक्याला मार लागला, चक्कर आली किंवा डोके सारखे दुखू लागले की आजकाल डॉक्टर मेंदूचा सिटी स्कॅन किंवा एमआरआय काढायला सांगतात. एके काळी ही तपासणी पैसेवाल्यांपुरतीच होती. आज बोरीवली स्टेशनच्या पूर्वेला आणि पश्चिमेलाही स्कॅन सेंटरच्या पाट्या दिसतात आणि आपल्या वस्त्यांतील माणसे उसनेपासने करून तेथे जातात. तपासणी झाली की एक मोठे पाकीट हाती पडते. त्यात काळ्या फिल्म असतात आणि इंग्रजीत छापलेला एक-दोन पानांचा कागद असतो. डॉक्टरांची वेळ दोन दिवसांनी मिळालेली असते. या दोन दिवसांत घरातला बारावी झालेला मुलगा त्या कागदातील एकेक शब्द मोबाईलवर शोधतो आणि घरात रडारड सुरू होते.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर असे पाकीट घेऊन एखादी भगिनी किंवा बंधू कार्यकर्त्यांजवळ येऊन बसतो. “भाऊ, डोक्यात गाठ निघाली म्हणतात, बघा जरा.” कुणी ऑपरेशनसाठी मंगळसूत्र गहाण ठेवायला निघालेले असते. कुणी मुलीचे जमलेले लग्न मोडेल म्हणून कागद कपाटात कपड्यांखाली लपवलेला असतो. कुणी तर विहारात येण्याआधीच एखाद्या बुवाच्या दारात जाऊन आलेले असते.

मी डॉक्टर नाही, कारकून आहे. कागद वाचणे हा माझा रोजचा धंदा. या विषयावर डॉक्टर मंडळींकडून समजून घेतलेले आणि वाचलेले समाजबांधवांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. त्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगतो. या कागदातील ज्या शब्दाने आपली झोप उडते तो शब्द बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. आणि ज्या ओळीकडे आपण ‘वयामुळे आहे’ म्हणून पाहतही नाही, तीच ओळ पुष्कळदा आपल्याला काहीतरी करायला सांगत असते.

हा कागद म्हणजे डेडस्टॉक रजिस्टर

सिटी स्कॅनने माणसाच्या मेंदूची पहिली तपासणी लंडनमध्ये १ ऑक्टोबर १९७१ रोजी झाली. हे यंत्र बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफिल्ड आणि त्यामागचे गणित मांडणारे ॲलन कॉरमॅक यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एमआरआयच्या कामासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना ते २००३ साली मिळाले. सिटी स्कॅन क्ष-किरणांवर चालतो, तर एमआरआय मोठ्या लोहचुंबकावर चालतो आणि त्यात क्ष-किरण नसतात. कवटी न उघडता आतले दिसू लागले, हा विज्ञानाचा मोठा विजय आहे.

पण यंत्राला तुम्ही कशासाठी आलात हे ठाऊक नसते. डोके दुखते म्हणून गेलेल्या माणसाच्या मेंदूबरोबर त्याचे नाक, सायनस, डोळे आणि कानामागचे हाड सारेच फोटोत येते. फोटो वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांनी जे दिसले ते सगळे लिहायचे असते. आमच्या ऑफिसात डेडस्टॉक रजिस्टर असते. त्यात चालू पंखाही येतो आणि कोपऱ्यात पडलेली मोडकी खुर्चीही येते. मोडक्या खुर्चीची नोंद झाली म्हणजे ऑफिस बुडाले असे कुणी म्हणत नाही. स्कॅनचा रिपोर्टही तसाच आहे. शोधायला गेलो एक आणि सापडले दुसरे, अशा नोंदीला डॉक्टर ‘इन्सिडेंटल फाइंडिंग’ म्हणतात.

अशा नोंदी किती निघतात? नेदरलँडमधील रॉटरडॅम शहरात तक्रार नसलेल्या २,००० लोकांचे एमआरआय काढले गेले. त्यांचे सरासरी वय ६३ होते. २००७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १०० पैकी सुमारे ७ जणांच्या मेंदूत न कळत होऊन गेलेल्या छोट्या झटक्याची खूण होती. जवळजवळ २ जणांच्या रक्तवाहिनीला फुगा होता आणि दीड जणाच्या आसपास साधी, कर्करोगाची नव्हे अशी गाठ होती. त्यातील कुणीही आजारी म्हणून आलेला नव्हता. पुढे २००९ साली १९,५५९ लोकांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या. रक्तवाहिन्यांमुळे होणारे बदल वगळूनही दर ३७ माणसांमागे एकाच्या मेंदूत काही ना काही अनपेक्षित निघाले. म्हणजे तुमच्याच नशिबी काही वेगळे आले, असे समजण्याचे कारण नाही.

कागद वाचताना शेवटून सुरुवात करावी. अखेरीस ‘इम्प्रेशन’ असे लिहिलेले असते. तो रजिस्टरमधला ‘शेरा’ समजा. रेडिओलॉजिस्टला महत्त्वाचे वाटले ते तेथे येते. त्याखाली पुष्कळदा ‘क्लिनिकल कोरिलेशन’ करा असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ असा की, “मी फक्त फोटो पाहिला, माणूस पाहिला नाही. माणूस तपासणाऱ्या डॉक्टरांनी दोन्ही ताडून पाहावे.” म्हणून रिपोर्ट हा निकाल नव्हे. निकाल देणारा डॉक्टर वेगळा असतो.

घाबरवणारे, पण बहुधा निरुपद्रवी शब्द

‘सायनस म्यूकोझल थिकनिंग’ किंवा ‘रिटेन्शन सिस्ट’ हे शब्द फार वेळा दिसतात. हे मेंदूतले नाहीतच. नाकाशेजारच्या पोकळीतील अस्तर सुजले आहे किंवा तेथे पाण्याची लहान पिशवी आहे, एवढाच त्याचा अर्थ. सर्दी असणाऱ्या निम्म्या मुंबईच्या कागदावर हे निघेल.

‘ॲरॅक्नॉइड सिस्ट’ म्हणजे मेंदूच्या आवरणातील पाण्याची पिशवी. ती बहुधा जन्मापासूनच असते आणि लहान असेल तर आयुष्यभर त्रास देत नाही. ‘सिस्ट’ म्हणजे कॅन्सर नव्हे. ‘मेगा सिस्टर्ना मॅग्ना’ आणि ‘कॅव्हम सेप्टम पेलुसिडम’ ही नावे ऐकून धडकी भरते, पण त्या बांधणीतल्या लहानशा वेगळेपणाच्या नोंदी आहेत. एखाद्याच्या तळहातावर तीळ असतो, त्यातलाच हा प्रकार. ‘पिनिअल’ आणि ‘कोरॉइड प्लेक्सस’ यांच्या ‘कॅल्सिफिकेशन’चा अर्थ त्या जागी चुना साठला आहे असा होतो. प्रौढ माणसांत हे नेहमीचे आहे. ‘डेव्हलपमेंटल व्हीनस ॲनॉमली’ म्हणजे रक्तवाहिनी थोड्या वेगळ्या वाटेने गेली आहे.

अशा नोंदींना बहुतेक वेळा औषधही लागत नाही आणि दुसरा स्कॅनही लागत नाही. डॉक्टरांनी “सोडून द्या” म्हटले तर ते टाळाटाळ करीत आहेत असे समजू नये.

‘ग्रॅन्युलोमा’चा डाग आणि समाजाने लावलेला डाग

आपल्या देशातील रिपोर्टमध्ये एक शब्द विशेष करून येतो, तो म्हणजे ‘कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा’. त्याचा अर्थ असा की पूर्वी कधीतरी मेंदूत एक बारीक संसर्ग झाला, शरीराने त्याला घेरले, तो मेला आणि त्या जागी चुन्याचा ठिपका उरला. जखम भरल्यावर व्रण राहतो, तसा हा व्रण आहे.

या ठिपक्याचा इतिहास जाणण्यासारखा आहे. देशात सिटी स्कॅन आल्यावर फेफरे येणाऱ्या अनेक तरुण रुग्णांच्या मेंदूत अंगठीसारखी कडा असलेला लहान डाग दिसू लागला. पुण्याचे मेंदूतज्ज्ञ डॉ. आर. एस. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा डागांवर १९८७ साली शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्या काळी हा डाग क्षयाचाच असावा असे धरून पुष्कळ रुग्णांना क्षयाची औषधे दिली जात. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉ. मॅथ्यू चांडी आणि डॉ. वेदांतम राजशेखर यांनी शस्त्रक्रियेने काढलेले असे डाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यातील बहुतेक क्षयाचे नव्हते, तर पट्टकृमीच्या अळीचे होते. या रोगाला ‘न्यूरोसिस्टीसर्कोसिस’ म्हणतात. नुसत्या सावलीवरून निदान पक्के करू नये, हा धडा खुद्द डॉक्टरांनीही असा घेतलेला आहे.

येथे एक सामाजिक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हा जंत डुकराशी संबंधित आहे, एवढे कळले की काही लोक लगेच आपल्या समाजाकडे बोट दाखवतात. ते शास्त्राला धरून नाही. अर्धवट शिजलेले डुकराचे मांस खाल्ले तर आतड्यात पट्टकृमी होतो. मेंदूतला रोग मात्र त्या कृमीच्या अंड्यांमुळे होतो. ही अंडी कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि घाण पाणी, न धुतलेली पालेभाजी व अस्वच्छ हात यांतून दुसऱ्याच्या पोटात जातात. म्हणून आयुष्यात मांसाला न शिवलेल्या माणसाच्या मेंदूतही हा ठिपका निघतो. दोष ताटातल्या अन्नाचा नाही, तर संडास आणि पाणी नीट न पुरवणाऱ्या व्यवस्थेचा आहे. ज्या वस्तीत शेकडो माणसांना मोजकेच संडास आहेत, तेथे हा रोग कुणाची जात विचारीत नाही.

ज्याला कधीही फेफरे आले नाही आणि फोटोत फक्त जुना, चुना झालेला ठिपका आहे, त्याला बहुधा औषध लागत नाही. जंत आधीच मेलेला असल्याने जंताच्या गोळ्यांचाही उपयोग नसतो. स्वतःच्या मनाने तर त्या घेऊच नयेत. अळी जिवंत असेल तर गोळीने मेंदूला सूज येऊन त्रास वाढू शकतो. ज्याला फेफरे येते त्याने मात्र डॉक्टरांनी दिलेली गोळी एक दिवसही चुकवू नये. आणि फेफरे आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवणे आता कायमचे बंद करावे. त्याला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये आणि किती मिनिटे झाली ते घड्याळात पाहावे. पाच मिनिटांत थांबले नाही तर तडक रुग्णालयात न्यावे.

मुलींच्या आईवडिलांसाठी आणखी एक गोष्ट. ठिपका असणे म्हणजे फेफरे असणे नव्हे. आणि फेफरे असले तरी त्यामुळे मुलीचा संसाराचा हक्क जात नाही. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. विवाहाच्या अटींमध्ये त्या कायद्यात फेफऱ्याचा जो उल्लेख होता, तो १९९९ साली दुरुस्ती करून काढून टाकण्यात आला. कायद्याने जो डाग पुसला तो आपण सोयरिकीच्या बैठकीत पुन्हा लावू नये.

ज्यावर लक्ष ठेवावे लागते

काही नोंदी मात्र कपाटात ठेवून देण्यासारख्या नसतात. ‘मेनिन्जिओमा’ ही मेंदूच्या आवरणाची गाठ आहे. ती बहुधा कर्करोगाची नसते, हळूहळू वाढते आणि स्त्रियांमध्ये जास्त आढळते. ती लहान असेल आणि त्रास नसेल तर डॉक्टर पुष्कळदा ऑपरेशन न करता काही महिन्यांनी पुन्हा फोटो काढायला सांगतात. ‘पिट्युटरी मायक्रोॲडिनोमा’ ही एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ असते. तिच्यासाठी रक्तातील हार्मोन तपासावे लागतात. ‘एम्टी सेला’ बहुधा निरुपद्रवी असतो, पण त्यासोबत डोके दुखणे आणि नजर अंधूक होणे असेल तर डोळ्यांची तपासणी करावी.

‘ॲन्युरिझम’ म्हणजे रक्तवाहिनीला आलेला फुगा. हा शब्द वाचून माणूस हादरतो. पण फुगा किती मिलिमीटरचा आहे आणि कोणत्या जागी आहे यावर धोका ठरतो. मेंदूच्या पुढच्या भागातील वाहिन्यांवर असलेला ७ मिलिमीटरपेक्षा लहान फुगा फुटण्याचा धोका बराच कमी असतो. तरीही न्यूरोसर्जनला दाखवणे आवश्यक आहे. रक्तदाब आणि तंबाखू हे या फुग्याचे दोन शत्रू आहेत, म्हणजे फुगा फोडणारे आणि म्हणून आपले शत्रू. ते दोन्ही आपल्या हातातले आहेत.

आपण न वाचलेली ओळ

आता त्या ओळीकडे येऊ. ‘क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस’ किंवा ‘लॅक्युनर इन्फार्क्ट’ असे शब्द बारीक अक्षरांत असतात. मोबाईलवर मुलगा ‘सिस्ट’ शोधतो, पण हे कुणी शोधत नाही. त्याचा अर्थ असा की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या कडक आणि अरुंद झाल्या आहेत आणि काही ठिकाणी रक्त कमी पडले आहे. लॅक्युनर इन्फार्क्ट म्हणजे होऊन गेलेला छोटा झटका. तो माणसाला कळलाही नसतो. कधी त्यापुढे ‘फॅझेकास ग्रेड’ एक, दोन, तीन असे लिहितात. आकडा जितका मोठा तितके बदल जास्त.

साठीनंतर थोडेफार बदल पुष्कळांना असतात. पण पंचेचाळिशीतल्या माणसाच्या कागदावर ही ओळ आली तर ती नोटीस समजावी. रॉटरडॅमच्याच संशोधनात २००३ साली असे दिसले की ज्यांच्या मेंदूत असा मुका झटका होऊन गेला होता, त्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका दुपटीहून अधिक होता. या नोटिशीमागे उभे असतात उच्च रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू. नोटिशीला उत्तर देताही येते. अमेरिकेतील ‘स्प्रिंट’ या अभ्यासाचे २०१९ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की ज्यांचा रक्तदाब कसून काबूत ठेवला, त्यांच्या मेंदूतील हे बदल कमी वाढले.

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपल्याला धम्म दिला आणि ६ डिसेंबरला ते गेले. तेव्हा त्यांचे वय ६५ होते. कित्येक वर्षे मधुमेहाने त्यांचे शरीर पोखरले होते. त्या काळी औषधे थोडी होती. आज रक्तदाबाची आणि साखरेची तपासणी महापालिकेच्या दवाखान्यात होते आणि गोळ्याही मिळतात. तरी आपण म्हणतो, “मला काही होत नाही, गोळीची सवय लागेल.” रक्तदाब दुखत नाही, हीच त्याची लबाडी आहे.

हजारो रुपयांच्या स्कॅनने सांगितलेल्या या आजारावरचा पहिला उपाय स्वस्त आहे. गोळी रोज घ्यावी. मिश्री, तंबाखू, गुटखा आणि विडी सोडावी. सुकट-बोंबील, लोणचे आणि पापड यांतले मीठ मोजून खावे. दारूबद्दल वेगळे सांगायला नको, पंचशीलात ते आलेच आहे. रोज अर्धा तास भरभर चालावे.

डॉक्टरांना काय विचारावे

कालाम सुत्तात तथागतांनी सांगितले की ऐकीव आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. आपण पोथ्या सोडल्या. आता इंग्रजीत छापलेल्या कागदाची नवी पोथी करून तिच्यापुढे थरथरू नये. तसाच तो कागद फेकूनही देऊ नये. तो समजून घ्यावा. त्यासाठी डॉक्टरांपुढे बसल्यावर हे पाच प्रश्न विचारावेत. आधीच चिठ्ठीवर लिहून न्यावेत, कारण तेथे गेल्यावर आठवत नाही.

१. माझा जो त्रास आहे तो या नोंदीमुळेच आहे का, की ती सहज सापडली?
२. ही नोंद सोडून देण्याची, लक्ष ठेवण्याची की उपचार करण्याची?
३. पुन्हा फोटो काढायचा असेल तर किती महिन्यांनी आणि कशासाठी?
४. आज काही केले नाही तर काय होईल?
५. कोणती लक्षणे दिसली तर वेळ न पाहता यावे?

फिल्म आणि सीडी जपून ठेवावी, कारण पुढचा फोटो जुन्याशी ताडूनच कळतो. सहा महिन्यांत गाठ वाढली की तशीच आहे, हे एका फोटोवरून कुणीच सांगू शकत नाही. कुणी त्याच दिवशी ऑपरेशनचे पैसे भरायला सांगितले आणि रुग्ण चालता-बोलता असेल, तर दुसरे मत घेणे हा आपला हक्क आहे. केईएम, नायर, शीव आणि कूपर ही महापालिकेची मोठी रुग्णालये आहेत. कामगार विम्याचे कार्ड असेल तर कांदिवलीचे कामगार विमा रुग्णालय आहे. उपचार ठरलाच तर तो महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे कर्ज काढण्याआधी विचारावे.

येथे मात्र थांबू नये

वर लिहिलेले सारे अनपेक्षित नोंदीविषयी आहे. अचानक तोंड वाकडे झाले, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, आयुष्यात कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी एका क्षणात सुरू झाली किंवा माणूस बेशुद्ध पडला, तर जुना रिपोर्ट शोधत बसू नये. १०८ ला फोन करून थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते. तो वेळ लिंबू उतरवण्यात गेला तर परत मिळत नाही.

प्रत्येक विहारात महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर अर्धा तास आरोग्यासाठी ठेवता येईल. आपल्या समाजात आता परिचारिका आहेत, औषधनिर्माते आहेत, डॉक्टरही आहेत. त्यांच्यापैकी एकाने रक्तदाबाचे यंत्र घेऊन बसावे आणि लोकांचे कागद पाहावेत. ज्याचा कागद घाबरण्यासारखा नाही त्याला शांत झोप लागेल. आणि ज्याच्या कागदात ती बारीक ओळ आहे, त्याची गोळी त्याच दिवशी सुरू करायला त्याला दवाखान्यात पाठवता येईल.

जयभीम.